ऊसतोडीच्या सिनेमासाठी केलेली खोटी जखम

रक्त करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हे आधीच सांगून टाकते, कारण मी सिनेमासाठी जखम केली म्हटलं की जो तो पहिल्यांदा तेच विचारतो, रक्त कशाचं केलंस गं? रक्त काय, गोड पाक आणि खायचा रंग, कुणालाही जमेल. अवघड असते ती कड. खोटी कातडी संपून खरी कातडी सुरू होते ती रेष कॅमेऱ्यात दिसली की संपलं, मग वर बादलीभर रक्त ओता, बघणाऱ्याला कळतंच. आणि त्याच्याही आधीचं अवघड म्हणजे ही जखम कशाने झाली, कुठल्या बाजूने झाली आणि होऊन किती वेळ झाला, हे तिच्याकडे नुसतं बघून कळलं पाहिजे. हे ठरलेलं नसेल तर हातात कितीही महागडं सामान असू दे, जखम म्हणून जे तयार होतं तो नुसता लाल डाग असतो.

मी मूळची ब्राइडलवाली. बेळगावात अनगोळला घराच्याच पुढच्या खोलीत पार्लर आहे, लग्नसराई सुरू झाली की हळद, साखरपुडा, रिसेप्शन यातून डोकं वर काढायला मिळत नाही. माझा मामेभाऊ कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकतो, त्यांना शेवटच्या वर्षाला शॉर्ट फिल्म करायची असते, तो एक दिवस येऊन म्हणाला, "अक्का, तू मेकअपवाली हैस की, एक जखम करून दे." जसं काय टिकली लावून दे.

त्यांची गोष्ट मात्र चांगली होती. ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा, तोडताना त्याच्या पायाला कोयता लागतो. आता टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' असं मोजतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर नाही आलं की खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड कापून घेतात. म्हणून हा पोरगा फडकं बांधून तसाच तोडत राहतो, मुकादमाला सांगत नाही, आणि जखम बिघडत जाते. आमच्या जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी ही सगळी साखर कारखान्यांची बाजू, दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याला दिसायला लागतात, त्यामुळे पोरांनी गोष्ट डोळ्यांनी बघून लिहिली होती. पण माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की जखम एक नाही, तीन करायच्या. लागली तेव्हाची ताजी, मग टाके घातलेली पण लाल होऊन सुजलेली, आणि शेवटी खपली धरून भरत आलेली. एकच जखम, एकाच जागेवर, तीन वयांची.

मी पहिल्यांदा सगळ्यांसारखे व्हिडिओ बघितले. तिकडची, परदेशातली माणसं फार भारी काम करतात, त्यात वादच नाही, पण त्यांची कातडी गुलाबी. त्या कातडीवर लाल, जांभळा, पिवळा असा मुका मार छान उठून दिसतो. आमचा हिरो सावळा, त्यात पोरांनी त्याला रोलसाठी महिनाभर उन्हात फिरवून अजून रापवला होता. सावळ्या कातडीवर मुका मार लालभडक दिसतच नाही, तो काळपट जांभळा, तपकिरी दिसतो, आणि सूज रंगापेक्षा चकाकीने कळते, तिथली कातडी ताणून तुकतुकीत होते ना, त्याने. व्हिडिओतले रंग तसेच्या तसे लावले असते तर रंगपंचमी झाली असती. इथे मला ब्राइडलचाच उपयोग झाला. डोळ्यांखालचं काळं घालवायला आम्ही केशरी करेक्टर लावतो, पुरळाचा लालपणा मारायला हिरवा. कातडीच्या आत कुठला रंग लपलेला असतो हे रोज लपवून लपवून हाताला माहीत झालेलं असतं, तेच आता उलटं काढायचं.

माझी मावसबहीण नर्स आहे, तिला चहाला बोलावून तासभर बसवून घेतलं. तिने सांगितलेल्यातलं मला सगळ्यात जास्त कामाला आलं ते म्हणजे जखमेच्या आत सगळं लाल नसतं. कातडीच्या खाली चरबी असते ती पिवळी असते, मक्याच्या दाण्यासारखी. पोटरीवर, मांडीवर ती जास्त दिसेल, नडगीवर जवळजवळ नाहीच, तिथे कातडी आणि लगेच हाड. धारदार हत्याराने कापलं की कडा सरळ येतात, दगडावर आपटून फुटलं की कडा वेड्यावाकड्या, चेचलेल्या आणि आत मधे मधे तंतू जोडलेले राहतात. शिवाय कातडीला सगळीकडे ताण असतो आणि त्या ताणाला ठरलेली दिशा असते, कार्ल लँगर म्हणून ऑस्ट्रियाचा शरीरशास्त्रज्ञ होता त्याने १८६१ मध्ये या रेषा मांडल्या, ऑपरेशन करणारे डॉक्टर अजून त्या बघून चीर देतात. ताणाच्या आडवा वार गेला की जखम तोंड उघडते, ताणाच्या दिशेने गेला की मिटलेली राहते. मुका माराचं पण वेळापत्रक असतं. आत साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर मोडत जातं तसा रंग बदलतो, आधी लालसर, मग निळा जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, आणि तो पिवळेपणा पहिल्या दिवशी येत नाही. म्हणजे ताज्या जखमेभोवती मी हौसेने पिवळा लावला असता तर कुणीतरी डॉक्टर प्रेक्षकात बसून हसला असता.

डायरेक्टरला हे काही पसंत नव्हतं. त्याला पायात मोठा खड्डा पाहिजे होता, आत मांस लोंबतंय आणि रक्ताची चिळकांडी उडतेय असं. मी म्हटलं अरे बाळा, नडगीवर मांस आणू कुठनं? तर म्हणाला, "अक्का, प्रेक्षकाला काय कळतंय?" हे वाक्य मला ब्राइडलमध्ये पण ऐकायला मिळतं आणि माझं डोकं फिरतं. शेवटी असं ठरलं की फडावर जाऊन तोडणाऱ्यांनाच विचारायचं.

संकेश्वरच्या अलीकडे एका पोराच्या काकांचा ऊस होता, हायवेने तासाभराचा रस्ता, तिथे टोळी तोडायला आलीच होती. दुपारी सगळे भाकरीला बसले तेव्हा गेलो. टोळीतल्या एका मामांना मी कागदावर काढलेलं चित्र दाखवलं, नडगीवर समोरून आडवी चीर. त्यांनी चित्राकडे बघितलं, भाकरी खाली ठेवली आणि उठून उभेच राहिले. "आवं ताई, कोयता असा नाय लागत." मग त्यांनी करूनच दाखवलं. डाव्या हाताने ऊस धरायचा, डावा पाय थोडा पुढे, वाकून उजव्या हाताने बुडाला घाव घालायचा. घाव उजवीकडून डावीकडे आणि खाली येतो. कोयता निसटला किंवा ऊस आधीच चिरलेला असला की तो तसाच पुढे जाऊन डाव्या पायाला लागतो, तोही आतल्या बाजूला, घोट्याच्या वर. एवढं सांगून त्यांनी धोतर वर केलं. घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या अंगाला, तिरकी खूण. वरच्या टोकाला रुंद आणि खोलगट, खाली निमुळती होत गेलेली, कारण पातं आधी वर टेकतं आणि मग घसरत खाली जातं. खूण बाकीच्या कातडीपेक्षा फिकी, चकचकीत, आणि दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके. मी फोटो मागितला, त्यांनी पाय उन्हात धरून काढू दिला. बाकीच्यांनी पण मग आपापल्या खुणा दाखवायला सुरुवात केली, डाव्या हाताच्या बोटांवर तर जवळजवळ प्रत्येकाच्या होत्या.

आणि तिथे मला अजून एक गोष्ट दिसली जी कुणी सांगितलेली नव्हती. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत बारीक बारीक ओरखडे. उसाचं पान कडेला करवती असतं, ते दिवसभर घासून घासून रेघा पडतात, काही ताज्या लाल, काही सुकून काळ्या झालेल्या. तळहाताला घट्टे, नखांत काळं. एक बाई म्हणाल्या, लागलं की आम्ही तंबाखू दाबतो आणि चिंधी बांधतो, दवाखान्यात जायला वेळ कुणाला हाय. मावसबहिणीला नंतर हे सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं सोडून तंबाखू काय दाबतात म्हणून तिची बडबड सुरू झाली. पण मला तर खजिना मिळाला होता. ताज्या जखमेच्या कडेला चिकटलेले तंबाखूचे तुकडे! डायरेक्टर गाडीत बसल्यावर म्हणाला, खड्डा नको अक्का, त्या मामांची जखम कर. इथे वाद मिटला.

आता सामान. स्पिरिट गम म्हणजे कातडीला चिकटवायचा डिंक, दाढी-मिशीला लागणारे क्रेपचे केस वगैरे शहापुरातल्या ड्रेपरीवाल्या काकांकडे मिळालं. गावोगावच्या यात्रेतल्या नाटकांना ते कपडे आणि रंगभूषेचं सामान पुरवतात, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, हे ऐकवल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाहीत. त्यांनी रक्तासाठी म्हणून सफेदा पण हातावर ठेवला, मला वाटलं काका मस्करी करतायत, रक्तात पांढरा कशाला. नंतर वाचलं तर बरोबरच निघालं. डिक स्मिथ म्हणून अमेरिकेतला फार मोठा रंगभूषाकार होऊन गेला (१९२२–२०१४), त्याच्या रक्ताच्या प्रसिद्ध कृतीत कॉर्न सिरप, लाल आणि पिवळा खायचा रंग, टिकायला मिथाइल पॅराबेन आणि झिंक ऑक्साइड, म्हणजे आमचा सफेदाच. नुसता पाक आणि रंग केला की रक्त सरबतासारखं आरपार दिसतं, चिमूटभर सफेद्याने ते दाट दिसायला लागतं. त्याच्या कृतीत फोटो धुताना वापरायचं कोडॅकचं फोटो-फ्लो पण होतं, त्याने रक्त कातडीवर थेंब थेंब न होता नीट पसरतं. पण ते विषारी, तोंडाजवळ चालत नाही. आपलं रक्त पायावर, त्यामुळे त्याच कामाला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले तरी भागतं, वर कपड्यांवरचे डाग पण जरा सोपे जातात.

कॉर्न सिरप शोधत बसले नाही. रविवार पेठेत बेकरीचं सामान विकणाऱ्याकडे लिक्विड ग्लुकोज मिळतं, घट्ट, पाण्यासारखं स्वच्छ, ताज्या रक्ताला एकदम मस्त. आणि सुकत आलेल्या रक्ताला मी काकवी वापरली! गुऱ्हाळावरची काकवी मुळातच तपकिरी आणि दाट, त्यात लाल रंग आणि थोडी कोको पावडर टाकली की तासाभरापूर्वीचं रक्त तयार. रक्त बाहेर आल्यावर लालभडक असतं आणि हवेने हळूहळू काळपट तपकिरी होत जातं, म्हणून मी तीन बाटल्या केल्या, ताजं, जरा वेळाचं आणि वाळलेलं, आणि प्रत्येक बाटलीतलं पायावर लावून त्यांच्याच कॅमेऱ्यात बघितलं. हे कराच. डोळ्याला जे छान वाटतं ते कॅमेऱ्यात केशरी दिसतं, मोबाईल तर लाल रंग भडकवूनच ठेवतो, आणि पिवळ्या बल्बखाली अजून वेगळंच. आम्हाला शेवटी रंग डोळ्याला जरा जास्तच काळा वाटेल इतका ठेवावा लागला, मग कॅमेऱ्यात बरोबर आला.

जखमेचं मांस कशाचं करायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सिलिकॉन सगळ्यात खरं दिसतं पण पोरांच्या बजेटात बसत नव्हतं. त्याखालोखाल जिलेटिन. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी साधारण सारखं घ्यायचं, डबल बॉयलरवर वितळवायचं, उकळू द्यायचं नाही नाहीतर बुडबुडे येतात, आणि गार करून आकार द्यायचा. कातडीसारखं मऊ आणि किंचित आरपार दिसतं. एकच भानगड, ते अंगाच्या उष्णतेला आणि घामाला मऊ पडतं, पण आमचं शूटिंग थंडीतलं, ते चाललं असतं. मी हिरोला सांगितलं असं असं वापरणार आहे, तर त्याने विचारलं कशापासून बनतं? तो लिंगायत घरातला, घरी अंडंसुद्धा नाही. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला, बिचारा नाही पण म्हणेना, तुम्ही म्हणाल तसं म्हणाला. मीच नको म्हटलं. दिवसभर जी गोष्ट त्याला नको वाटणार ती पायाला चिकटवून त्याने अभिनय कसा करायचा?

मग चायना ग्रास आणून बघितलं. ते समुद्री शेवाळाचं, शाकाहारी, आणि उन्हाला वितळत नाही हे खरं, पण ते ठिसूळ. घोटा वाकला की तडा, आणि वर पाणी सोडत बसतं, डिंक धरतच नाही. गोड करून खायला ठीक. शेवटी लेटेक्सवर आलो. हे रबराच्या झाडाचा चीकच असतो, खराब होऊ नये म्हणून अमोनिया घालतात. बाटली उघडल्याबरोबर आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "घरात म्हैस बांधलीस काय गं?" खिडक्या उघड्या ठेवा, डोळ्यांजवळ नेऊ नका, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, काही जणांना रबराची ॲलर्जी असते आणि ती साधीसुधी नसते. केसांवर तर लावूच नका. हिरोच्या पायाचे तेवढ्या तुकड्यापुरते केस काढले, त्यावरून पोरांनी त्याला जे छळलं ते वेगळंच.

तुकडा पायावर नाही, घरी काचेवर केला. काचेवर लेटेक्सचा पातळ थर, त्यावर टिश्यू पेपर, परत लेटेक्स, परत टिश्यू. टिश्यू कात्रीने कापायचा नाही, फाडायचा, फाडलेल्या कडेला तंतू सुटतात आणि तीच कड कातडीत विरून जाते. मधे जाड, बाहेर बाहेर पातळ करत न्यायचं, इतकं की शेवटचा अर्धा इंच नुसतं लेटेक्स. रंग लेटेक्समध्येच मिसळायचा, आणि तो हिरोच्या कातडीपेक्षा उजळ, कारण ओलं लेटेक्स पांढरट असतं आणि वाळल्यावर गडद होतं. वाळलं की मधे तिरकी चीर द्यायची, मामांच्या खुणेसारखी वर रुंद खाली निमुळती, चिरेच्या कडा टिश्यूच्या बारीक वळकट्या घालून किंचित उचलायच्या. आत खोलीला काळपट लाल, त्यावर मधे लाल, आणि कडेला अगदी दोऱ्याएवढी पिवळट रेघ. ती पिवळी रेघ दिल्याबरोबर जे होतं ना! तोपर्यंत ते रबर होतं, त्या रेघेनंतर माझ्याच पोटात कसंतरी झालं. मग वर पावडर मारून सोलून काढायचं, पावडर नाही मारली तर लेटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि सगळी मेहनत गोळा होऊन हातात येते.

असे एकाच मापाचे बरेच तुकडे करून ठेवले, कारण एकदा काढलेला तुकडा परत धड बसत नाही आणि शूटिंग काही एका दिवसात संपणार नव्हतं. आणि शूटिंग क्रमाने होत नाही! आधी खपलीचा सीन, दुपारी ताज्या जखमेचा, दुसऱ्या दिवशी टाक्यांचा, जागा आणि माणसं मिळतील तसं. जखम रोज एक बोट इकडे तिकडे सरकली तर एडिटिंगला बसल्यावर रडायची वेळ. त्यावर साधा उपाय, झेरॉक्सच्या दुकानातली पारदर्शक ओएचपी शीट. ती हिरोच्या पायाला गुंडाळायची, घोट्याचं हाड आणि त्याच्या पायावरचा एक तीळ मार्करने उमटवायचा आणि जखमेच्या जागी भोक पाडायचं. रोज तीळ जुळवला की जखम त्याच जागी. रक्ताचे ओघळ कुठून कुठे गेलेत त्याचे फोटो मात्र प्रत्येक शॉटनंतर काढायचे. ओघळाला पण कारण लागतं. तो लागताना उभा होता, तर रक्त खाली घोट्यावरून टाचेकडे जाऊन चपलेत साचणार, पुढे बोटांकडे जाणार नाही. तो बसला की ओघळ दिशा बदलणार. मी ब्रशने काढलेच नाहीत, ड्रॉपरने वरून सोडलं आणि हिरोला चालायला लावलं, रक्त आपली वाट आपण काढतं.

शूटिंगच्या सकाळी फडावर धुकं आणि दव, बोटं वाकेनात. थंडीत आणि ओलीत लेटेक्स वाळायला फार वेळ घेतं, घरी हेअर ड्रायर होता, फडात लाईट कुठली! दोन पोरं पुठ्ठ्याने वारा घालत बसली आणि डायरेक्टर दर पाच मिनिटांनी येऊन "झालं काय अक्का?" तुकडा बसल्यावर कडेवर पातळ लेटेक्सचा हात स्पंजने टेकवत टेकवत फिरवला, रेष गेली. मग हातांवर पानांचे ओरखडे, हे मी सगळ्यात बारीक ब्रशने काढले, काही काकवीच्या रक्ताने, काही नुसत्या तपकिरीने. नखांत फडातलीच काळी माती. जखमेला वरून ग्लिसरीन, म्हणजे ओली दिसते, आणि तंबाखूची चिमूट. मी खरं सांगते, जखमेपेक्षा त्या ओरखड्यांनी काम केलं. अंगावर बाकी कुठे काहीच नाही आणि पायावर तेवढी एक भारी जखम असली की ती चिकटवल्यासारखीच दिसते, हातावर शंभर बारीक रेघा असल्या की मोठीवर कुणी शंका घेत नाही. ते मामा येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत, पण खाली बसून बोट लावायला गेले आणि मधेच थांबले. मला पैसे मिळाल्यासारखं झालं.

ऊन वर आल्यावर काकवी आणि ग्लुकोजवर माश्या आल्या. मुंगळे पण. हिरो पाय झाडायला लागला तर कॅमेरावाला ओरडला, थांब थांब हलू नको, आणि तो शॉट सिनेमात आहे, जखमेवर खरी माशी बसलेली. हिरोने तोंड वाकडं केलंय ते अभिनय नाहीये.

दुपारी चहाला हायवेच्या टपरीवर गेलो तो वेगळाच तमाशा. हिरो बाईकवर मागे बसलेला, पाय तसाच. टपरीवरचा एकजण उठून धावत आला, कानडीत "एनातरी?" म्हणजे काय झालं हो? हिरो म्हणाला, "एनू इल्लरी, सिनेमा ऐतरी," काही नाही हो, सिनेमा आहे, तरी त्याला खरं वाटेना, तो मराठीत मला म्हणाला दवाखान्यात न्यायचं सोडून चहा काय पाजताय. तोवर टपरीवाल्या मावशी हळदीचा डबा घेऊन बाहेर. शेवटी मी कडेचं लेटेक्स जरासं उचलून दाखवलं तेव्हा सगळे हसले, पण त्यानंतर आम्ही पायावर टॉवेल टाकूनच फिरलो, आणि ज्या गावात शूटिंग तिथल्या पंचायतीत आधी सांगून ठेवायला लागलो. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला उगाच घाबरवण्यात काही मजा नाही.

टाक्यांची जखम त्या मानाने पटकन झाली. तसाच तुकडा, चीर जवळजवळ मिटलेली, काळा नायलॉनचा दोरा आधीच घरी ओवून प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, कारण असे टाके वेगवेगळे घालतात, कापडासारखी सलग शिवण नसते. पायाचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, म्हणून त्या सगळ्या सीनमध्ये ते असायला पाहिजेत हे डायरेक्टरला कागदावर लिहूनच दिलं. भोवती बीटाडिनचा पिवळट तपकिरी डाग, खराच, बाटलीतला. कडेला गडद मरून, त्याच्याबाहेर तुकतुकीत सूज, आणि एका टाक्याच्या बुडाशी पू, लेटेक्समध्ये पिवळा आणि किंचित हिरवा. पू जरासाच. खपलीला लेटेक्समध्ये कॉफी पावडर कालवून थापली, वाळल्यावर खडबडीत, काळपट आणि बिनचमकेची होते, वर तेल ग्लिसरीन काही नाही, जुनी जखम चमकत नाही.

काढताना ओढायचं नाही. कोमट पाणी, खोबरेल तेल, कडेपासून हळूहळू, तेलाने लेटेक्स सुटतं. खायचा लाल रंग मात्र कातडीत मुरतो, आधी व्हॅसलीनचा पातळ हात दिला असेल तिथे कमी, बाकी दोन दिवस पाय गुलाबीच. हिरोच्या आईने फोन करून विचारलं म्हणे, खरंच लागलं नाही ना रे?

सिनेमा कॉलेजात दाखवला, लोकांना आवडला, जखमेच्या सीनला पुढच्या रांगेतल्या एका मॅडमनी मान फिरवली, यापेक्षा मोठी पावती नको. आता त्याच पोरांच्या ज्युनिअर बॅचला गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीत हात भाजलेला दाखवायचाय. भाजलेल्या फोडांना आणि सुटलेल्या कातडीला जिलेटिनच पाहिजे, लेटेक्स तिथे कोरडं पडतं. यावेळचा हिरो खानापूरचा, मासे मटण सगळं खाणारा आहे, विचारून घेतलंय.